‘परिसंस्था सेवा’ आणि ‘चालक’

किनारपट्टीवरच्या एका अहवालाचा अनुवाद चालू आहे. ‘इकोसिस्टम सर्व्हिसेस’ला, म्हणजे निसर्गाकडून माणसाला मिळणाऱ्या फायद्यांना, ‘परिसंस्था सेवा’ केलंय, पण त्या सेवांमध्ये बदल घडवणाऱ्या ‘ड्रायव्हर्स’ना ‘चालक’ लिहिलं की डोळ्यांसमोर एसटीचं स्टेअरिंगच येतं. दुसरा शब्द सुचवा.

→ ‘परिसंस्था सेवा’ राहू द्या, सरकारी कागदांत रुळलाय. २००५च्या ‘मिलेनियम’ या जागतिक परिसंस्था मूल्यांकनातले सेवांचे चार गटही मराठीत नीट बसतात: पुरवठा, नियमन, सांस्कृतिक आणि आधार. ‘चालक’ मात्र काढाच. ‘कारक घटक’ चालेल. साधं ‘कारणं’ लिहिलंत तरी काही बिघडत नाही.

→ माझी हरकत वेगळीच आहे. ‘सेवा वाढल्या’, ‘सेवा घटल्या’ असं मोघम लिहू नका, कोणती ते लिहा. गोव्यातली खाजनं घ्या. मांडवी-जुवारीच्या काठाने बांध घालून खाडीकडून मिळवलेली ही सखल जमीन. बांधात लाकडी दाराचं मानस असतं. भरतीला पाण्याच्या दाबानेच दार मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. पावसाने खार धुऊन निघाला की खारं सोसणारं कोरगूट भात, आणि कापणीनंतर खारं पाणी आत घेऊन मासळी. तांदूळ, मासे आणि मागच्या वस्तीला उधाणापासून आडोसा, सगळं एकाच जागी.

आता बांधाला खांड पडली आणि ती कुणी बुजवली नाही, तर शेत पडीक राहतं, त्यात खारफुटी शिरते. नकाशावर कार्बन साठवण वाढलेली दिसते, माशांच्या पिल्लांनाही आसरा मिळतो. भात मात्र गेलं. शिवाय खारफुटीला कायद्याचं संरक्षण, त्यामुळे पुन्हा नांगर घालणं अवघड. मग ‘सेवा वाढली’ म्हणायचं की घटली?

→ आणि खांड का बुजवली नाही, हे अहवालात येतं का? गोव्यात बांध राखायचं काम पूर्वी गावकरीकडे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादीकडे होतं. १९६४च्या कूळ कायद्यानंतर ते कुळांच्या संघटनांवर आलं. मजुरी महागली, तरुण नोकरीला लागले. काही ठिकाणी तर भातापेक्षा मानशीच्या मासेमारीचा लिलाव फायद्याचा, मग खारं पाणी वेळेआधीच आत. याला ‘जमीनवापरातील बदल’ म्हणून मोकळं होणं म्हणजे खोकल्याला ‘घशाचा आवाज’ म्हणण्यासारखं आहे.

→ पटलं. म्हणजे ‘कारणं’ लिहून प्रत्येक कारणापुढे कोणती सेवा वाढली, कोणती घटली ते देतो. पण अहवालात रायगडही आहे. तिथे मानस म्हटलेलं कळेल?

→ नाही, तिकडे ‘उघाडी’ म्हणतात. जमिनीलाही खाजन नव्हे, ‘खार’ किंवा ‘खारभूमी’. १९७९चा महाराष्ट्राचा कायदाही खारभूमी विकासाचाच आहे. गोव्याच्या प्रकरणात मानस, रायगडच्या प्रकरणात उघाडी. एकच शब्द दोन्हीकडे लादू नका.