‘बारीक आवाज’ म्हणजे हळू की वरच्या सुरातला?

शब्दवेडी: मुलांच्या मासिकासाठी वटवाघळांवरचा लेख मराठीत आणतेय. मुद्दा असा, की कीटक खाणाऱ्या वटवाघळांत अंगाने लहान जातींच्या आवाजाची कंप्रता (सेकंदाला होणारी कंपनं; ती जास्त तितका सूर वरचा) साधारणपणे जास्त असते, थोराड जातींची कमी. मी लिहिलं, “लहान वटवाघळाचा आवाज बारीक असतो.” संपादकांचा शेरा आला: “बारीक म्हणजे हळू. मग पुढे आवाज फार जोरदार असतो असं कसं?” आमच्या घरी ‘किती बारीक आवाज आहे पोरीचा’ म्हणतात, ते हळू बोलण्याबद्दल नाही. काय लिहू?

वऱ्हाडी: आमच्याकडे ‘रेडिओ बारीक कर’ म्हणजे आवाज कमी कर. संपादक बरोबर आहेत. ‘चिरका’ लिहा.

गानप्रेमी: चिरका नको, त्यात नावं ठेवल्यासारखं होतं. गाण्यात हा भेद केव्हाचा आहे. मोठा-लहान जोराबद्दल, खर्ज आणि तार सुराबद्दल. ‘वरच्या पट्टीतला’ लिहा.

निशाचर: पट्टी ऐकू येते हो! माणसाचा कान २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांपर्यंत ऐकतो, घराभोवती फिरणारी चिमुकली वटवाघळं त्याच्या दुपटीच्याही वर ओरडतात. ‘जास्त कंप्रतेचा, श्राव्यातीत’, म्हणजे आपल्या कानापलीकडचा, हेच बरोबर.

गानप्रेमी: दहा वर्षांच्या मुलाला ‘श्राव्यातीत’? आणि शाळेत तो ‘वारंवारिता’ शिकतो, कंप्रता नव्हे.

निशाचर: विश्वकोशात कंप्रता आहे. शब्द वापरला तरच रुळतो. पण शब्दवेडी, तुमच्या वाक्यातलं ‘साधारणपणे’ कुणाला काढू देऊ नका. ही वटवाघळं हाक मारून तिच्या प्रतिध्वनीवरून सावज शोधतात. उडताना पंख मारण्याची आणि श्वासाची लय जुळलेली असते, त्यातच हाक बसते, म्हणून ओरडायला वेगळी ताकद फारशी लागत नाही. लहान पंख भरभर हलतात, हाका भरभर निघतात, जवळचं सावज टिपता येतं. मोठे पंख सावकाश, हाका विरळ, म्हणून दुरून चाहूल लागायला हवी. खालचा सूर हवेत कमी विरतो, लांब जातो. पण सूर खाली येतो तशी ध्वनिलहर लांब होते, ३४,००० हर्ट्झला सुमारे १ सेंटिमीटरची. त्याहून बरंच लहान चिलट असेल तर प्रतिध्वनी अगदी क्षीण येतो. ज्यांच्या नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडी पाळ असते, ती मात्र नाकातून हाक काढतात आणि अंगाच्या मानाने फारच वरच्या सुरात. नुसतं ‘लहान तितका बारीक’ लिहिलंत तर ती चुकीची ठरतील.

तळकोकणी: मुळात ‘लहान वटवाघूळ’च खटकतंय. वाचणाऱ्याला पिल्लू वाटेल. आमच्याकडे लहान जातीला पाकोळी म्हणतात, वटवाघूळ म्हणजे वडावर लटकणारं मोठं.

पुणेकर: पाकोळी हा पक्षी आहे!

तळकोकणी: तुमच्याकडे असेल. माझी आजी संध्याकाळी माजघरात शिरलेल्या पाकोळीला सुपाने वारा घालून बाहेर काढायची. तो पक्षी नव्हता.

वऱ्हाडी: आमच्या वडावरची मोठी दिवसभर कलकलाट करतात, चांगला ऐकू येतो. म्हणजे मोठ्यांचा आवाज खालचा, हे पटतं.

निशाचर: तो जागेवरून चाललेला भांडणाचा आवाज. ती फळं खाणारी, किलोभर वजनाची, त्यांना वाट प्रतिध्वनीने शोधावी लागत नाही. डोळे बघा केवढे टपोरे असतात. त्यांना या मोजपट्टीवर बसवू नका.

शब्दवेडी: मग ‘बारीक पण जोरदार’ असं सरळ लिहिलं तर?

वऱ्हाडी: आमच्याकडचा वाचक तिथेच अडेल.

पुणेकर: या नावात वाघ कुठून आला?

गानप्रेमी: वाघाचा काही संबंध नाही. संस्कृत ‘वल्गुली’वरून वाघूळ.

तळकोकणी: आणि वडावर राहतं म्हणून वट.

पुणेकर: माझ्या इमारतीच्या फटीत राहणाऱ्याचा वडाशी काय संबंध? आणि अनेकवचन वटवाघळे की वटवाघुळे? इथे सगळे ‘वटवाघळं’ लिहितायत.

गानप्रेमी: लाकूड-लाकडे, पाऊल-पावले, तसंच वाघूळ-वाघळे.

पुणेकर: मी ‘वटवाघुळे’ छापलेलं पाहिलंय.

गानप्रेमी: छापलेलं सगळं प्रमाण मानायचं का?