सहावीसाठी मिडल स्कूल निवडताना मुलांचे आकडे कसे वाचायचे? (न्यू जर्सी)

शर्वरी_क
नमस्कार मंडळी. लेक सप्टेंबरात सहावीत जाईल. घर घेतोय, आणि मनात भरलेली दोन घरं दोन वेगळ्या मिडल स्कूलच्या हद्दीत येतात. पहिल्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं आशियाई, रेटिंग उत्तम. दुसरीत हिस्पॅनिक, कृष्णवर्णीय, गोरी, आपली, सगळी मुलं. पण मोफत जेवणाच्या यादीत बरीच, आणि रेटिंग मधलं. ओळखीतले सगळे म्हणतात डोळे झाकून पहिली घ्या. मला ते पटत नाहीये. कुणी जवळून पाहिलंय का?

मंजिरी०७
शर्वरी, मी एका मिडल स्कूलमध्ये इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांच्या वर्गात मदतनीस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रेटिंगमध्ये सरासरी गुणांचं वजन मोठं असतं, आणि सरासरी गुण बरेचसे घरच्या परिस्थितीवर ठरतात. राज्याच्या शिक्षण खात्याचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघड आणि त्यातला 'स्टुडंट ग्रोथ' बघ. आधी साधारण तेवढेच गुण असलेल्या राज्यातल्या मुलांच्या तुलनेत इथली मुलं किती पुढे सरकली, ते तिथे कळतं. गटवारही दिलेलं असतं.

'आशियाई' हा तर एकच रकाना. तेलुगू, चिनी, कोरियन, बांगलादेशी सगळे त्यातच. त्याच रिपोर्टात घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा असतात, त्या जास्त बोलक्या.

मोफत जेवणाचं म्हणशील तर केंद्राच्या नियमात दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर मोफत, १८५ पर्यंत सवलतीत. म्हणजे त्या यादीत दोन नोकऱ्या करणारे आईबापही असतात. काही शाळा सरसकट सगळ्यांनाच मोफत देतात, तिथे तुलना करूच नकोस.

पण खरं बघायचं ते वर्गात. कॉरिडॉरमध्ये सगळे रंग दिसतात आणि वरच्या गणिताच्या वर्गात एकाच तऱ्हेची मुलं, असं फार ठिकाणी होतं. आमच्याकडे ग्वाटेमालाहून आलेला एक मुलगा अपूर्णांकांचे भागाकार झरझर करायचा, पण चाचणीतली शाब्दिक उदाहरणं इंग्रजीत, म्हणून खालच्या गटात बसला. शिक्षिकेनं तीच चाचणी स्पॅनिशमधून घेतली आणि तो वर गेला. हे करणारी शाळा मला हवी. माझी मुलगी असती तर तिला मी त्याच्या शेजारी बसवलं असतं.

निनाद_पी
मंजिरीताईंशी सहमत. एक भर: कुठल्या कुठल्या एलिमेंटरीतून, म्हणजे प्राथमिक शाळांतून, मुलं येतात ते विचारा. आणि हद्दी बदलतात. घर घ्यायच्या आधी स्कूल बोर्डाच्या बैठकांची इतिवृत्तं वाचा.

शर्वरी_क
खूप आभार. गणिताच्या गटांचं कुणाला विचारू?

मंजिरी०७
गाइडन्स कौन्सिलरला, म्हणजे शाळेतल्या समुपदेशकाला. सहावीत गट कशावरून ठरतो, वर्षाच्या मध्यात बदलता येतो का, आणि आठवीत अल्जिब्रा कोणाकोणाला मिळतं. दोन्ही शाळांना हेच विचार. आकड्यांऐवजी नुसतं "आमची मुलं हुशार आहेत" असं उत्तर आलं, तर हेच प्रश्न पुन्हा विचार.