मेडलवरची ‘एस. ई. एशिया १९४५-४६’ ही पट्टी कुठल्या लढाईची?

ए-१०२: मंडळी, गावच्या पेटीत आजोबांचं मेडल सापडलं. जांभळी फीत, मधे हिरवा पट्टा. वरच्या पट्टीवर ‘एस. ई. एशिया १९४५-४६’. कडेवर नंबर, नाव आणि मराठा एल. आय. (लाइट इन्फन्ट्री). पण जपान तर ऑगस्ट ४५ मध्येच शरण आला ना? मग आजोबा ४६ पर्यंत लढत कुणाशी होते?

सी-४०१: ताई, ही पट्टी जपानविरुद्धच्या युद्धाची नाहीच. त्यानंतर जावा, सुमात्रा, इंडोचायनात ब्रिटिशांची जी फौज गेली, तिला ही मिळाली.

बी-३०४: जावात काय काम होतं आपलं?

सी-४०१: कागदावर काम एवढंच, की जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायची आणि छावण्यांतले डच कैदी, बायकामुलं सोडवायची. पण तिथले पुढारी सुकार्नो आणि हत्ता यांनी १७ ऑगस्टलाच इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, आणि डचांना वसाहत परत हवी होती. जावातल्या सुराबाया शहरात तर १९ सप्टेंबरला पोरांनी हॉटेलवर चढून डच झेंड्याचा निळा पट्टा फाडला. उरला लाल-पांढरा, म्हणजे त्यांचाच झेंडा!

सी-४०१: २५ ऑक्टोबरला ४९वी हिंदी ब्रिगेड तिथे उतरली. त्यात मराठे होते. तिचा प्रमुख ब्रिगेडियर मॅलबीने स्थानिक पुढाऱ्यांशी समझोता केला, पण २७ला ब्रिटिश वरिष्ठांची पत्रकं विमानातून पडली: शस्त्रं खाली ठेवा. झालं, शहर पेटलं. आपली पोरं शहरभर लहान लहान तुकड्यांत विखुरलेली, भोवती हजारोंचा जमाव. शेवटी सुकार्नोंना विमानाने आणून युद्धबंदी करावी लागली. ३०च्या संध्याकाळी लाल पुलाजवळ मॅलबी मारला गेला. समोरच्या इमारतीत मराठ्यांचीच कंपनी होती. पहिली गोळी कुणाची, यावर अजून एकमत नाही.

बी-३०४: म्हणजे एका पारतंत्र्यातल्या देशाची पोरं दुसऱ्यावर घातली. रक्त उसळतं वाचून.

ए-१०२: दादा, खरंय. पण आजोबांना तरी कुणी विचारलं होतं? हुकूम आला, बोटीत चढले.

डी-२०३: राग पाठवणाऱ्यांवर धरा. नेहरूंनी तेव्हाच जाहीर विरोध केला होता. सिडनीत हिंदी खलाशांनी डच जहाजांवर काम करायला नकार दिला. आणि काही हिंदी सैनिक पलटण सोडून इंडोनेशियनांना जाऊन मिळाले. हे आपल्या मुलांना कळायला हवं.

सी-४०१: १० नोव्हेंबरला पाचवी हिंदी डिव्हिजन रणगाडे, युद्धनौका, विमानं घेऊन शहरावर तुटून पडली. रेडिओवरून त्यांचा तरुण पुढारी बुंग तोमो लोकांना लढायला हाक देत होता. सुमारे तीन आठवडे लढाई चालली, हजारो इंडोनेशियन मेले. शहर पडलं, पण डचांना शेवटी डिसेंबर १९४९ मध्ये सत्ता सोडावी लागली. १० नोव्हेंबर तिथे आजही वीर दिन असतो.

ए-१०२: म्हणजे आजोबा सुराबायातच होते?

सी-४०१: तसं लगेच म्हणू नका. ही पट्टी जावाभर मिळाली. कडेवरचा नंबर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला कळवा आणि पलटण विचारा. सहावी निघाली, तर सुराबाया.

ए-१०२: नंबर झिजलाय, पण भिंगातून लागतो. उद्याच पत्र टाकते, काका.