पॉटकेटने 'पॉसॉक्स' हातची घालवली, की सुटका करून घेतली?

गिरणगावकर :
ऱ्होड आयलंड राज्यातलं पॉटकेट हे जुन्या कापडगिरण्यांचं गाव. तिथे १९७० पासून बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा दुय्यम संघ खेळायचा, लाडाने 'पॉसॉक्स'. १९७३ पासून तो ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या एकच पायरी खाली. २०१८ मध्ये मालकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला जायचं जाहीर केलं. जाण्याआधीचा २०२० चा हंगाम कोविडने खाल्ला, त्यामुळे गावाला निरोपाचा सामनासुद्धा मिळाला नाही.

माझ्या मते हा निव्वळ राजकारण्यांचा कद्रूपणा. ८.३ कोटी डॉलरचं नवं मैदान होणार होतं. ४.५ कोटी संघाचे, २.३ राज्याचे, १.५ गावाचे. अगदी शेवटी सभागृहाच्या सभापतींनी कर्जरोख्यांमागची राज्याची हमी काढून घेतली. व्याज वाढणार हे उघड होतं. मालकांनी दुसरं गाव बघितलं तर नवल काय?

हिशेबी :
साफ असहमत. ३८ स्टुडिओज विसरलात? रेड सॉक्सचाच माजी पिचर (चेंडू टाकणारा) कर्ट शिलिंग व्हिडिओ गेमची कंपनी काढतो, ऱ्होड आयलंड २०१० मध्ये तिच्या ७.५ कोटी डॉलरच्या कर्जामागे उभं राहतं आणि २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकूनच पिणार ना?

आणि मालकांचं म्हणाल, तर २०१५ मध्ये संघ विकत घेतल्याबरोबर ते पॉटकेट सोडून प्रॉव्हिडन्सच्या नदीकाठी जायला निघाले होते. मागणी काय, तर राज्याने ३० वर्षांत १२ कोटी डॉलर द्यावेत. लोक खवळले, तो बेत बारगळला, तेव्हा कुठे यांना पॉटकेट आठवलं.

रात्रपाळी :
दोघेही २०१५ नंतरचंच बोलताय. हा संघ टिकला तो बेन माँडोर या माणसामुळे. कापडधंद्यातून निवृत्त झालेला गृहस्थ, १९७७ मध्ये दिवाळखोर झालेला संघ घेतला. तिकीट स्वस्त ठेवलं, जुनं मॅकॉय स्टेडियम (१९४२ चं बांधकाम) स्वच्छ ठेवलं. तिथे डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागा, प्रेक्षकांच्या पायाखाली. मग पोरं प्लॅस्टिकचे कॅन कापून त्यात चेंडू आणि पेन ठेवायची आणि दोरीने खाली सोडायची. खेळाडू सही करून परत पाठवायचे.

याच मैदानावर १८ एप्रिल १९८१ च्या रात्री रॉचेस्टरच्या संघाविरुद्धचा सामना सुरू झाला, तो संपेचना. एरवी बेसबॉलचा सामना ९ इनिंगचा. सामना ठरावीक वेळेनंतर थांबवायचा नियम पंचांजवळच्या पुस्तकात नव्हता. अखेर लीगच्या अध्यक्षांना फोन लागला आणि पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ इनिंगनंतर खेळ थांबला. कडाक्याच्या थंडीत १९ प्रेक्षक उरले होते. उरलेला सामना २३ जूनला झाला. मेजर लीगमध्ये संप चालू असल्याने सगळी पत्रकार मंडळी पॉटकेटला हजर, आणि ३३वी इनिंग १८ मिनिटांत खलास! डेव्ह कोझाच्या फटक्यावर पॉसॉक्स ३-२ ने जिंकले. वेड बॉग्ज पॉटकेटकडून, कॅल रिपकेन ज्युनियर रॉचेस्टरकडून. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या यादीत गेले. कोझा मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.

माँडोर २०१० मध्ये वारले. माझ्या हिशेबाने संघ तेव्हाच गेला, बाकी नुसती कागदपत्रं.

हिशेबी :
सुरेख लिहिलंय, पण आठवणींवर कर्जरोखे निघत नाहीत. १९९९ मध्ये याच मॅकॉयचं मोठं नूतनीकरण झालं होतं. वीस वर्षं झाली नाहीत तोच पुन्हा नवं मैदान?

चौकार_षटकार :
बेसबॉलमधलं मला फार कळत नाही. रेड सॉक्सचाच संघ ना? मग रेड सॉक्सनेच मैदान बांधावं की.

गिरणगावकर :
तसं नसतं. खेळाडू मोठ्या संघाचे, त्यांचा पगारही तोच देतो. दुय्यम संघ आणि त्याचा धंदा, तिकिटं, खाणंपिणं, मैदानाचा करार, हे सगळं वेगळ्या मालकाचं. म्हणून तर मालक गावोगाव बोली लावत फिरू शकतो.

हिशेबी :
हेच तर म्हणतोय! स्वतःच्या तोंडाने बोललात. वुस्टरचं नवं मैदान, पोलर पार्क बघा : सांगताना ९ कोटी डॉलरच्या आसपास, होईपर्यंत १६ कोटींच्या घरात. मायनर लीगसाठी (अशा दुय्यम संघांच्या स्पर्धांसाठी) तेव्हा ते सर्वांत महागडं मैदान होतं.

गिरणगावकर :
आणि तिथे २०२१ पासून सामने होतायत. त्याच वर्षी मेजर लीगने दुय्यम संघ १६० वरून १२० वर आणले, वुस्टर शाबूत राहिलं. तुमच्या काटकसरी राज्याने काय केलं? त्याच पॉटकेटमध्ये फुटबॉलच्या मैदानासाठी कर्जरोखे काढले, २०२५ मध्ये ते सुरूही झालं. मॅकॉय पाडून तिथे शाळा. पैसा द्यायचाच होता, तर पन्नास वर्षं गावात असलेल्या संघाला का नाही दिला?

हिशेबी :
शाळेला माझा पूर्ण पाठिंबा. फुटबॉलच्या मैदानाला तेव्हाही विरोध होता, आजही आहे.