मदत हवी आहे: फेरिटिनच्या पोकळीत गॅडोलिनियम टिकत नाही

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी फेरिटिनपासून (लोह साठवणारं प्रथिन) एमआरआयचा कॉन्ट्रास्ट एजंट (स्कॅनचं चित्र ठळक यावं म्हणून टोचतात ते द्रव्य) करून पाहतेय. २४ प्रथिन-साखळ्यांचा हा पोकळ गोळा, बाहेरून १२ नॅनोमीटर, आतली पोकळी ८. पीएच २ ला सुटा होतो, ७.४ ला परत जुळतो. तेवढ्यात चित्र ठळक करणाऱ्या गॅडोलिनियम धातूचं संयुग आत अडकवायचं. पण जुळवताना बरंचसं प्रथिन साका होऊन तळाशी बसतं, आणि डायलिसिसनंतर (म्हणजे प्रयोगशाळेत पडद्यातून सुटे रेणू गाळून काढल्यावर) गॅडोलिनियम जेमतेम उरतं. पीएच सावकाश वाढवूनही फरक नाही.

आम्लाऐवजी ८ मोलर युरियाने कुणी उघडलंय का? की सरळ मँगनीजच भरू? आईच्या किडन्या अधू आहेत, तिला गॅडोलिनियम द्यायला डॉक्टर कचरतात, म्हणून मँगनीजकडे जास्त ओढा आहे. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.