नूस्टारनंतर कोण? आरसे आधी की दक्ष आधी?

भटका_धूमकेतू:
नूस्टार, म्हणजे नासाची हार्ड एक्स-रे (जास्त ऊर्जेचे क्ष-किरण) बघणारी अंतराळ दुर्बीण, जून २०१२ ला वर गेली, ठरलेलं काम दोन वर्षांचं, अजून राबतेय बिचारी. पण तिच्या जागी कोण? हेक्स-पी नावाचा प्रस्ताव होता, ८० केईव्हीपर्यंत (केईव्ही म्हणजे किरणांच्या ऊर्जेचं माप) बघणारा, तर नासाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसऱ्याच दोघांना पुढे नेलं. जपानची एक्स-रे दुर्बीण हितोमी २०१६ मध्ये सव्वा महिन्यात गरगर फिरून तुटली आणि तिच्या जागी आलेल्या क्रिझममध्ये हार्ड एक्स-रेची दुर्बीण ठेवलीच नाही. युरोपची गॅमा किरणांची दुर्बीण इंटिग्रल फेब्रुवारी २०२५ ला थांबली. मला वाटतं इस्रोने आता फोकस करणारी दुर्बीण हातात घ्यावी, मैदान मोकळं आहे.

घाटाखालचा:
बोलायला सोपंय. हे किरण आरशावर सरळ पडले की आतच घुसतात, तळ्यात चपटा दगड अगदी तिरका मारला तरच उडतो ना, तसलं प्रकरण. नूस्टारच्या एकेका आरशात १३३ कवचं एकात एक, काच पाव मिलिमीटरहून पातळ, वर दोन पदार्थांचे आलटून पालटून थर, आणि डिटेक्टर लांब हवा म्हणून १० मीटरचा दांडा वर गेल्यावर उलगडला. आपण आधी दक्ष उडवू. आयआयटी मुंबईचा प्रस्ताव आहे, अख्ख्या आकाशात असे झोत टिपणारे दोन उपग्रह, पृथ्वीच्या दोन बाजूंना. का दोन? १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याचं लायगोला (गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला) कळलं, १.७ सेकंदांनी नासाच्या फर्मी दुर्बिणीने गॅमा झोत पकडला, आणि आपल्या अॅस्ट्रोसॅट या अंतराळ वेधशाळेच्या आड नेमकी पृथ्वी!! अजून वाईट वाटतं.

भटका_धूमकेतू:
दक्षला विरोध नाहीये हो. पण तो गस्तीवरचा हवालदार, आवाज कुठून आला ते सांगेल, चेहरा नाही दाखवणार. कॅसिओपिया ए या फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषातलं टायटॅनियम-४४ कुठे कुठे विखुरलंय त्याचा नकाशा नूस्टारने काढला, तेव्हा दिसलं की तारा गोल फुगून नाही, वेडावाकडा उसळून फुटला. हे आरशाशिवाय होत नाही.

रात्रपाळी:
मधे बोलतो. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतंय, ते चालू होईल त्या दिवशी वर अख्ख्या आकाशाकडे बघणारं आपलं कोणी नसलं तर काय उपयोग? मी घाटाखालच्यांच्या बाजूने.

भटका_धूमकेतू:
आणि आपल्याला आरसे जमत नाहीत असं नाही बरं का. अॅस्ट्रोसॅटवरच्या एसएक्सटी या एक्स-रे दुर्बिणीचे सोन्याचा मुलामा दिलेले फॉइल आरसे मुंबईत टीआयएफआरमध्येच झाले.

घाटाखालचा:
ते सॉफ्ट, म्हणजे कमी ऊर्जेच्या एक्स-रेचे, ८ केईव्हीला संपतात. ७०-८० केईव्हीला नुसतं सोनं पुरत नाही, थर नॅनोमीटरमध्ये मोजून चढवावे लागतात, एकावर एक शेकडो. बरं, ते काम लॅबमध्ये आत्तापासून सुरू करा, माझी हरकत नाही. पण रॉकेटच्या रांगेत दक्ष पुढे, खिसा एकच आहे.