खाजनाचे बांध कोणी राखायचे? आपत्ती प्राधिकरणाने की गावाने?

मांडवीकाठ
गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन आहे. ही शेतं भरतीच्या पातळीखाली आहेत. नदीचं खारं पाणी मातीच्या बांधाने बाहेर थोपवलेलं असतं. बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी झडप असते. तिचं लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतं. ना वीज, ना मोटर. चोडण, दिवाडी, जुवें या बेटांवर भातशेती उभी आहे ती या दारांवर.

दाराची फळी कुजली की कोणाकडे जायचं? कृषी खात्याकडे गेलं तर ते मामलेदाराकडे पाठवतात. मामलेदार कुळांच्या संघटनेकडे बोट दाखवतो आणि संघटना म्हणते पैसे नाहीत. तेवढ्यात आषाढातली उधाणाची भरती येते. मग पंचनामा, मग भरपाईचा अर्ज.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी. पैशाची वाटणी बघा. १५ व्या वित्त आयोगाने २०२१–२६ साठी राज्याच्या आपत्ती निधीतले ८० टक्के मदतकार्याला आणि २० टक्के धोका कमी करायला ठेवले. बांध फुटण्याआधी दुरुस्त करणं या २० टक्क्यांत मोडतं. शिवाय खारं पाणी शेतात हळूहळू मुरत जाणं ही केंद्राच्या यादीत आपत्तीच नाही. चक्रीवादळ आहे, पूर आहे, गारपीट आहे, हे नाही. केरळने किनाऱ्याची धूप राज्याची स्वतःची आपत्ती म्हणून जाहीर केली. गोव्याला कोणी अडवलंय?

माझी मागणी अशी: बांध, मानस आणि त्यांचा पैसा गावातल्या एकाच अधिकृत समितीकडे द्या. निधी थेट तिच्या खात्यात आणि जबाबदारीही तिचीच.

निवृत्त_अभियंता
कळकळ पटते, उपाय पटत नाही. २३ जुलै २०२१ आठवा. म्हादईला आलेल्या पुराने सत्तरी, डिचोलीत शेकडो घरं पडली. १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर, असं सरकारनेच सांगितलं. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगतून गेलं. वरून नदी आणि खालून उधाण एकाच वेळी आलं तर गावची समिती काय करणार? २००६ ते २०१८ या काळात जगभरातली समुद्रपातळी वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटरने वाढली. आजोबांनी ठरवलेली बांधाची उंची आता पुरणार नाही. ती पुन्हा ठरवायला नदीच्या संपूर्ण खोऱ्याची पातळी मोजावी लागते. एका गावाने आपला बांध उंच केला की पाणी समोरच्या गावात शिरतं. हे ठरवायला वरचं प्राधिकरणच हवं.

आणखी एक. पूर्वी चिखल, पेंढा आणि जांभा दगड घेऊन बांध घालणारी माणसं गावात होती. आज कुठून आणणार?

कूळ_चोडण
दोघेही पावणीबद्दल, म्हणजे लिलावाबद्दल बोलत नाही, म्हणून लिहिते.

मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची दरवर्षी पावणी होते. ठेकेदार मोठी रक्कम मोजतो आणि ती वसूल करायला दारात लाकूड अडकवून ठेवतो. भरतीचं पाणी आत येतं, सुंगटं (कोळंबी) येतात, पोंय (बांधाआतलं तळं) भरते. शेतात मात्र मीठ चढतं. पहिल्या वर्षी भात पिवळं पडतं, दुसऱ्या वर्षी फक्त कोरगुट हे खारं पाणी सोसणारं भात तग धरतं, मग शेत पड. पडीक जमिनीत खारफुटी उगवते आणि ती तोडली तर गुन्हा. आमच्या वाड्याखालचे तुकडे असेच गेले. वरच्या बाजूच्या विहिरीचं पाणीही आता उन्हाळ्यात मचूळ लागतं.

ही पावणी करते कोण? आमचीच संघटना. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी गावकरीकडून, म्हणजे गावच्या जुन्या सामायिक संस्थेकडून कुळांच्या संघटनांकडे आली. म्हणजे बांध गावाच्याच हातात आहेत, मांडवीकाठ. तरी ही गत.

गावकरीच्या आठवणीही जरा जपून काढा. कोमुनिदादीत (गावकरीचंच पोर्तुगीज नाव) जोण, म्हणजे उत्पन्नाचा वाटा, पुरुष गावकाराला मिळायचा. बांधावर चिखल वाहणाऱ्या गावडा-कुणबी बाईमाणसाला कोणी विचारत नव्हतं.

खारफुटीप्रेमी
जे खाजन पडीक झालं ते नदीला परत द्या, असं माझं मत. खारफुटी लाटांचा जोर मोडते, गाळ धरते, माशांची पैदास तिथेच होते. ज्या बांधामागे दहा वर्षं भात नाही, त्यावर सरकारी पैसा ओतून कोणाचं भलं होणार? २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी तरतूद आहे. खाजनांचे नकाशे करा, खारफुटी राखा, व्यवस्थापन आराखडा करा आणि खाजनात विकासकामं नकोत. आधी हा आराखडा मागा.

मांडवीकाठ
@खारफुटीप्रेमी बांधाच्या बाहेरची खारफुटी हवीच. तीच बांधाला टेकू देते. पण बांध सोडून दिला की पाणी पडीक शेतापाशी थांबत नाही. मागचं पिकतं शेत, त्यामागचा रस्ता, मग विहिरी. कूळताईंनी मचूळ विहिरीचं लिहिलंय ते पुन्हा वाचा. कुठला बांध सोडायचा हे त्यामागे राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय ठरता कामा नये.

@निवृत्त_अभियंता उंची खोऱ्याच्या हिशेबाने ठरवा, मान्य. ते काम प्राधिकरणाचंच. पण दार मध्यरात्रीच्या भरतीला मिटलं की नाही हे पणजीतून दिसत नाही.

@कूळ_चोडण तुमचा मुद्दा सगळ्यात जड आहे आणि त्यामुळे माझी मागणी अधिक नेमकी होते. आजची संघटना पावणीच्या रकमेवर चालते. जितकं खारं पाणी आत, तितकी बोली मोठी. दुरुस्तीचा पैसा स्वतंत्र निधीतून आला तर संघटनेला ठेकेदारापुढे वाकावं लागणार नाही. समितीत कसणाऱ्या बायका हव्यातच, नुसत्या जमिनीच्या उताऱ्यावरच्या नावांनी भागणार नाही.

कुडतरीकार
बांधावर एवढी चर्चा आणि भरावावर एक शब्द नाही? खाजन हे पुराचं पाणी सामावून घेणारं पोट आहे. त्यात माती टाकून रस्ते आणि बंगले झाले तर बांध कितीही भक्कम असो, पाणी वस्तीत चढणार. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली तुकड्यातुकड्याने जमिनींचे झोन बदलले गेले. त्याचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, पण झोन बदलायची मुभा देणारं कलम ३९अ तेव्हा चालूच राहिलं. झोन बदलणाऱ्या टेबलावर आपत्ती प्राधिकरणाची सही सक्तीची करा. माझ्या लेखी धोक्याचं नियमन तिथून सुरू होतं.

निवृत्त_अभियंता
कुडतरीकारांशी पूर्ण सहमत. मांडवीकाठ, निधी थेट समितीला द्यायला माझा विरोध कायम आहे. मोजमाप आणि लेखापरीक्षणाविना मातीकामाचा पैसा कसा मुरतो ते मी नोकरीत पाहिलंय. पावणीच्या करारात मात्र दार अडकवल्यास ठेका रद्द आणि अनामत जप्त, हे कलम आजही घालता येईल. त्याला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही.

कूळ_चोडण
कलम आमच्या करारात आहे, बाब. दार अडकवलेलं रात्री दोन वाजता बघायला जायचं कोणी, आणि पाहिलं तर ठेकेदाराच्या माणसांसमोर सांगायचं कोणी? तक्रार करणाऱ्याच्या बाजूने सकाळी उभा राहील असा एक अधिकारी तालुक्याला द्या, बांधाचं रजिस्टर त्याच्याकडे ठेवा. मग समिती गावाची असो की सरकारची, माझी हरकत नाही.